गणपती ते दिवाळी: आठ रविवार

(श्रावणात आबिड्स येथे झालेल्या सभासद-मेळाव्यात मंडळाच्या अभ्यासवर्गातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला वीस मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर याच जागेवर नाटकाची तालीम आहे. तालमीची मंडळी मागच्या रांगेत येऊन बसलेली दिसताहेत, त्यामुळे प्रस्तावना करत नाही.

आम्ही म्हणजे कोण, एवढं मात्र सांगावं लागेल, कारण मंडळाच्या अहवालात आमची एकच ओळ असते आणि तीही खर्चाच्या पानावर. आम्ही पाच जण. तिघं कॉलेजांतून शिकवून निवृत्त झालेलो, एक जण बँकेतून, आणि पाचव्या बाई अजून नोकरीत आहेत. एका खाजगी डिग्री कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवतात. गेली चार वर्षं दर रविवारी दुपारी तीन ते सहा आम्ही मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासवर्ग चालवतो. 'प्रौढ शिक्षण' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाटी-पेन्सिल आणि अंगठा येतो. आमचे विद्यार्थी तसे नाहीत. वय पंचवीस ते पंचावन्न. कोणी ओपन स्कूलमधून इंटर करतंय, कोणी आंबेडकर मुक्त विद्यापीठातून बी.ए. किंवा बी.कॉम., आणि एक-दोघी रेग्युलर कॉलेजात, आपल्या भाचीच्या वयाच्या मुलींशेजारी बसून.

रविवारच का, तर आबिड्स रविवारी बंद असतं. दुकानांची शटर खाली आणि फुटपाथवर जुनी पुस्तकं. आमचे निम्मे विद्यार्थी त्या पुस्तकांतून वाट काढत, दहा-वीस रुपयांचं काहीतरी हातात घेऊनच वर येतात. एकाने मागे बी.कॉम.चं म्हणून जे अकाउंटन्सीचं पुस्तक आणलं ते आमच्यातल्याच एकाने १९८० च्या सुमारास शिकवलेलं निघालं. अभ्यासक्रम बदललाय हे त्याला सांगताना आमच्या जिवावर आलं होतं.

आज आम्ही वर्षभराचा हिशेब द्यायला उभे नाही. फक्त पुढच्या दोन महिन्यांबद्दल बोलायचं आहे.

मोठ्या वयाचा विद्यार्थी परीक्षेत नापास होऊन शिक्षण सोडतो असा आमचाही समज होता. तसं फारसं होत नाही. परीक्षेपर्यंत पोचलेला माणूस नापास झाला तरी पुन्हा बसतो, हट्टाने बसतो. तो गळतो त्याच्या आधी, गणपती आणि दिवाळीच्या मधे. कॉलेजच्या हिशेबात हे पहिलं सत्र. जून-जुलैत प्रवेश, ऑगस्ट निम्मा प्रवेशाच्या उरलेल्या फेऱ्यांत जातो, आणि शिकवणं कुठे अंगाशी येतंय तोवर भाद्रपद लागतो.

आता हा भाद्रपद-आश्विन आपल्या घरांत कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको, पण वहीत मांडून बघितल्याशिवाय आम्हालाही कळलं नव्हतं. आमच्या वर्गातल्या एक काकू नांदेडच्या, लग्न होऊन काचीगुड्याला आलेल्या. चतुर्थीला गणपती. पाठोपाठ महालक्ष्म्या: तीन दिवस, सोळा भाज्या, पुरणावरणाचा स्वयंपाक, आणि त्याआधीचा आठवडा घर धुण्यात. मग अनंत चतुर्दशी. त्या दिवशी बाळापूरचा गणपती निघाला की चारमिनार, अफझलगंज, मोअज्जम जाही मार्केट करत मिरवणूक आपल्या याच रस्त्यावरून बशीरबागेकडे आणि पुढे हुसेनसागरला जाते. आबिड्सला यायचं तर पायीच, आणि परत जायचं तर देवाचं नाव घेत. मग पितृपंधरवडा. मग घट बसतात, इकडे शेजारणींची बतुकम्मा, आपला भोंडला. मग दसरा, मग फराळ. आणि या सगळ्यात मधेच कुठेतरी परीक्षेची फी भरायची शेवटची तारीख येऊन जाते.

दुसरा आमचा एक विद्यार्थी खानापूर तालुक्यातला, विट्याजवळचा. त्या भागातली गलाईची माणसं देशभर पसरलेली आहेत, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. सोन्या-चांदीच्या पेढ्यांच्या मागच्या गल्ल्यांत बसून सोनं गाळायचं, शुद्ध करून द्यायचं, हे त्यांचं काम. हा चारकमानच्या एका गल्लीत मामाच्या दुकानात काम करतो. दहावी करून सतराव्या वर्षी इथे आला. आता तीस. ओपन स्कूलमधून इंटर केलं आणि बी.कॉम.ला नाव घातलं. त्याचा धंद्याचा मोसम केव्हा, तर दसरा ते धनत्रयोदशी. त्या दिवसांत भट्टी रात्री अकरापर्यंत चालते. पुस्तक उघडायचं तर त्यानंतर, हाताला ॲसिडचा वास असताना.

म्हणजे घर सांभाळणारी बाई आणि दुकानात राबणारा माणूस, दोघांनाही वर्षातला सगळ्यात कमी वेळ याच आठ आठवड्यांत असतो, आणि सत्र ऐन भरात असतं तेही नेमकं तेव्हाच. आमच्यातल्या एकांची मुलगी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजात शिकवते. तिथलं शरदातलं सत्र ऑगस्टमध्ये सुरू होतं. तिला विचारलं तर म्हणाली, बाबा, तुमच्याकडे सण आहेत, आमच्याकडे दुकानांचा नाताळचा मोसम आणि मुलांच्या शाळा. नोकरी करणारी माझी माणसं ऑक्टोबरातच दिसेनाशी होतात. ऐकून आम्हाला जरा बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

या शहरात बसून हे बोलताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ आपल्या हैदराबादचं. २६ ऑगस्ट १९८२ ला आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ म्हणून ते स्थापन झालं, प्रा. जी. राम रेड्डी पहिले कुलगुरू. तीन वर्षांनी दिल्लीला इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा तिथेही पहिले कुलगुरू म्हणून त्यांनाच नेलं. इथल्या विद्यापीठाला १९९१ मध्ये बाबासाहेबांचं नाव मिळालं. आपल्या महाराष्ट्रात नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ झालं ते १९८९ मध्ये, राम ताकवले सरांच्या हाताने. इथल्या विद्यापीठाने सुरुवातीला जे केलं त्याचं आम्हाला अजून नवल वाटतं: शाळेचं कसलंही सर्टिफिकेट नसलेल्या माणसाला पात्रता परीक्षा घेऊन थेट पदवीच्या वर्गात घेतलं. पुढे नियम बदलत गेले, आता इंटर करूनच येणारे जास्त. पण त्या वेळी अनेक घरांतल्या आया, अनेक ऑफिसांतले शिपाई पदवीधर झाले. तुमच्यातही असतील.

बाबासाहेबांचं नाव या विद्यापीठाला शोभतं, त्याचं एक कारण थोड्या लोकांच्या लक्षात असतं. १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी लवकर ठेवले, नोकरी करणाऱ्या मुलांना पुढे कामावर जाता यावं म्हणून. त्याच्या नव्वद वर्षं आधी, १८५५ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. रमाबाई रानडे लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. घरातल्या बायकांची बोलणी खात त्या शिकल्या, आणि १९०९ मध्ये पुण्याच्या सेवासदनात मोठ्या बायकांचे वर्ग सुरू झाले. या सगळ्यांनी आधी माणसाचं घड्याळ बघितलं आणि मग शाळेचं लावलं. आम्ही काय केलं ते आता सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही वेळापत्रक छापलं. तिघं निवृत्त प्राध्यापक एकत्र आले की आणखी काय होणार? सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सहा ते आठ. पहिल्या पानावर नियम, शेवटच्या पानावर हजेरीचा तक्ता. सतरा नावं आली. महालक्ष्म्यांनंतर नऊ राहिली, आणि घट बसले त्या आठवड्यात वर्गात आम्ही तिघं आणि चौथा तो गलाईवाला. तोही जेवायला म्हणून दुकानातून सुटून आलेला. 'सर, मला येतंय सगळं, पण लिवाया हात चालत न्हाई,' म्हणाला. आम्ही त्याला अभ्यास वाढवायला सांगितलं. त्याला काय म्हणायचं होतं ते कळायला आम्हाला आणखी वर्ष लागलं.

दुसऱ्या वर्षी आम्ही रविवार धरला आणि गर्दी टिकली. मग आम्हाला सुचलं की यांचा सत्कार करावा. गणेशोत्सवात, याच स्टेजवर. दहावी-बारावीच्या मुलांची बक्षिसं झाली आणि आम्ही एका बाईंना वर बोलावलं. शाल, श्रीफळ. आमच्यातल्याच एकाने माईकवर सांगितलं की यांची शाळा नववीत सुटली आणि आज पंचेचाळिसाव्या वर्षी या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहेत. टाळ्या खूप पडल्या. तिसऱ्या रांगेत त्यांच्या मुलाची ठरलेली सासुरवाडी बसली होती. त्यांना हे माहीत नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, यांनी सांगितलं नव्हतं, लपवण्यासारखं काही होतं असंही नाही. पण दुसऱ्या दिवशी फोन आला आणि त्यात 'म्हणजे नववी पास का?' असा एक प्रश्न होता. लग्न व्यवस्थित झालं. सूनबाई चांगल्या आहेत. बाई मात्र वर्गाला यायच्या बंद झाल्या.

आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, शंकरपाळे दिले, दुसऱ्याच गोष्टी बोलल्या. निघताना दारात म्हणाल्या, 'तुम्ही मला आधी विचारलं असतं तर मी नको म्हणाले असते हो.' एवढंच. सत्काराची हौस आमची होती. विचारायला हवं होतं आणि आम्ही विचारलं नाही, ही चूक मंडळाच्या दप्तरात नोंदवावी म्हणून आज स्टेजवरूनच सांगतो आहोत. त्यांची परवानगी घेऊन.

तिसऱ्या वर्षापासून आम्ही कमी बोलायला आणि जास्त बघायला लागलो. मग साध्या साध्या गोष्टी दिसल्या.

काचीगुड्याच्या काकू वर्गात वाचायला सांगितलं की पुस्तक पुढच्याला द्यायच्या. आम्हाला वाटलं, इंग्रजी जमत नाही. इथे माध्यम मुख्यतः इंग्रजी नाहीतर तेलुगू. मराठीतून शिकलेल्या माणसाची तारांबळ होतेच. एका रविवारी आमच्या बँकेतल्या मित्राने आपला चष्मा पुसून टेबलावर ठेवला, काकूंनी सहज उचलून लावला आणि पानभर वाचून दाखवलं. चाळिशी लागली होती, एवढंच. घरात सगळ्यांच्या डोळ्यांची तपासणी झाली होती, त्यांची राहिली होती. तेव्हापासून आमच्याकडे खोक्यात वेगवेगळ्या नंबरांचे सहा चष्मे असतात आणि वर्गातल्या दोन ट्यूबलाइट आम्ही स्वतः बदलल्या.

आणि तो 'हात चालत नाही'. ते त्याने शब्दशः सांगितलं होतं. बारा वर्षं त्या हाताने चिमटा धरला, मूस धरली. पेन धरलं ते फक्त सहीपुरतं. तीन तासांचा पेपर म्हणजे पंचवीस-तीस पानं लिहिणं. अर्ध्या तासात बोटं आखडायची. अभ्यास वाढवून यावर उपाय नव्हता. आम्ही त्याला रोज एक पान लिहायला सांगितलं, काहीही, दुकानाचा हिशेब, गावाकडचं पत्र. मग दोन पानं. वर्गात दर रविवारी शेवटची चाळीस मिनिटं आता सगळेच गप्प बसून फक्त लिहितात. एवढा शांत वर्ग आम्हाला नोकरीत कधी मिळाला नाही.

पण मुख्य शोध लागला तो पितृपंधरवड्याचा, आणि त्याचं श्रेय आमचं नाही. गलाईवालाच म्हणाला, 'सर, पितरात कोण सोनं घेत न्हाई. आमी मोकळेच असतो.' आम्ही काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, एक दिवस सासऱ्यांची तिथी, एक दिवस सर्वपित्री, बाकी पंधरवडा घरात काही नाही, लग्नकार्य नाही, खरेदी नाही, पाहुणा नाही. सगळ्या सत्रात हीच एक मोकळी जागा होती आणि चाळीस वर्षं शिकवूनही आमच्या डोक्यात ती आली नव्हती. त्या वर्षापासून पितृपंधरवड्यात आम्ही दोन रविवारांना जोडून रोज संध्याकाळी वर्ग घेतो. पहिल्या दिवशी आजीबाई म्हणण्याजोग्या एक विद्यार्थिनी शंका घेऊन आल्या: या दिवसांत नवीन काही सुरू करू नये म्हणतात. खरं आहे, आम्ही म्हटलं, नवा धडा काढतच नाही, उजळणी करू. तेव्हा पितरांच्या पंधरवड्यात उजळणी आणि सर्वपित्रीला सुट्टी, असा आमचा रिवाज पडला. स्टेजवरच्या सत्कारानंतर न आलेल्या त्या बाई परत आल्या त्या याच पंधरवड्यात, तिसऱ्या दिवशी. काही न बोलता शेवटच्या बाकावर बसल्या. आम्हीही काही बोललो नाही, प्रश्नपत्रिकांची झेरॉक्स पुढे केली.

हजेरीचा तक्ता आम्ही काढून टाकला. त्याऐवजी गुरुवारी रात्री नऊनंतर आमच्यापैकी कोणीतरी प्रत्येकाला फोन करतो. आला नाहीत का, असं विचारायचं नाही हे आम्ही आपसांत ठरवलं आहे. या रविवारी काय होणार आहे ते सांगायचं आणि कुठे अडलंय ते विचारायचं. फीच्या तारखा आम्ही भिंतीवर लावतो. ज्याला यायला जमणार नाही त्याला धडा फोनवर बोलून पाठवतो, आठ-दहा मिनिटांचा. त्याहून लांब कोणी ऐकत नाही, हे आम्हाला वर्गातही लागू होतं.

आता शिकवणाऱ्यांबद्दल. ही बाजू बहुतेक वेळा राहून जाते, आणि वेळ संपत आला तरी आम्ही ती राहू देणार नाही.

आमच्या अर्थशास्त्राच्या बाईंचं सत्र कसं असतं ते बघा. तासाला पैसे. दसऱ्याच्या सुट्टीत तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत, पण अंतर्गत परीक्षेच्या वह्या तपासायला घरी याच सुट्टीत मिळतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की उशिरा आलेल्यांसाठी पहिला धडा पुन्हा. तो तास कुठे मोजला जात नाही. त्यांच्या वर्गात गेल्या वर्षी एक सव्वीस वर्षांची मुलगी होती, लग्नानंतर पुन्हा शिकायला लागलेली, आणि तिला दिवस गेलेले. हजेरी पंच्याहत्तर टक्के लागते. बाईंना रोज तिच्या नावापुढे गैरहजर लिहावं लागायचं आणि रोज घरी येऊन त्याचा त्रास व्हायचा. विद्यार्थिनींना बाळंतपणाची रजा आणि हजेरीत सवलत मिळावी म्हणून विद्यापीठांनी नियम करावेत, असं पत्र विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये काढलेलं आहे. बाईंना ते माहीत नव्हतं. कॉलेजातही कोणाच्या बोलण्यात नव्हतं. आमच्यातल्या एकाने ते शोधून छापून दिलं, बाईंनी अर्ज लिहून दिला, मुलीने सही केली. पुढे बरंच झालं. पण लक्षात घ्या, एक कागद हातात असता तर त्या दोघींचा दीड महिना वाचला असता.

शिकवणाऱ्याला आधार म्हणजे शिक्षकदिनाचं गुलाबाचं फूल, असा आपला समज आहे. फुलाला आमची ना नाही. पण आमच्या बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, मला कोणीतरी चाळीस वह्यांची बेरीज तपासून द्या. म्हणून आम्ही म्हातारे बेरजा तपासतो. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला यात मिळणारा आनंद बघण्यासारखा असतो. दुसरं, आमच्या वर्गात शिकवायला येणाऱ्या तासिकेवरच्या प्राध्यापकांना आम्ही मानधन देतो, थोडंच, पण ते महिना संपल्यावर न देता गणपतीच्या आधी देतो. घरात गणपती बसवायचा असताना 'पुढच्या महिन्यात बघू' ऐकणं काय असतं, ते आमच्यातल्या तिघांनीही उमेदवारीच्या काळात सोसलं आहे.

हे पैसे कुठून येतात, असं मघाशी कोणीतरी विचारत होतं. बाळापूरच्या लाडवाचा लिलाव १९९४ साली ४५० रुपयांना झाला होता आणि २०२४ मध्ये तो तीस लाखांच्या पुढे गेला. आमचं वर्षाचं सगळं अंदाजपत्रक त्या लाडवाच्या एका घासात बसेल. झेरॉक्स, मानधन, चहा. तुमच्या वर्गणीतून निघतं. पैसे आम्ही आज मागायला आलेलो नाही.

मागायचं आहे ते असं. गेल्या वर्षी गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत सभागृह सजावटीला गेलं, ते बरोबरच होतं. मागची खोली खुर्च्या, मखर आणि प्रसादाच्या भांड्यांना गेली. त्यानंतर भोंडल्याची तयारी, मग दिवाळी अंकांचं प्रदर्शन. वर्ग जिन्यात बसला. वर-खाली जाणाऱ्यांना उठून जागा देत बसला. एका रविवारी कोणी तरी घाईत म्हणालं, 'तुमचं काय, दिवाळीनंतर करा की निवांत.' म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आम्हीही पहिल्या वर्षी तसंच म्हटलं असतं. पण दिवाळीनंतर वर्ग भरवायचा तर कोणासाठी? तोवर जे गळायचे ते गळून गेलेले असतात. त्या जिन्यातल्या दोन जणी पुन्हा आल्या नाहीत. एकीचे गुडघे दुखायचे, पायरीवर बसवत नव्हतं; दुसरीला येणारे-जाणारे ओळखीचे भेटायचे आणि प्रत्येक जण विचारायचा, अहो, तुम्ही इथे कशा?

आम्ही पंचांग घेऊन बसलो. गणपती ते दिवाळी छप्पन्न दिवसांच्या आसपास होतात, म्हणजे आठ रविवार. या आठ रविवारी दुपारी तीन ते सहा मागची खोली आम्हाला द्यावी, आणि पितृपंधरवड्यात रोज संध्याकाळी. त्या पंधरवड्यात मंडळाचा एकही कार्यक्रम नसतो, हे आम्ही गेल्या काही वर्षांच्या पत्रिका काढून पाहिलं आहे. खुर्च्या आणि मखर ठेवायला आमच्यातल्या एकाच्या घरी गच्चीवरची खोली रिकामी आहे. टेम्पोचं भाडं आम्ही देऊ. दार लोटता आलं पाहिजे आणि दिवा चांगला पाहिजे, एवढंच त्या खोलीबद्दल म्हणणं आहे. कार्यकारिणीपुढे अर्ज दिलेला आहे. निर्णय चतुर्थीच्या आधी व्हावा, नंतर झाला तर या वर्षी उपयोग नाही.

गलाईवाल्याचं काय झालं, हे विचारणार आहात हे ठाऊक आहे. पहिल्या सत्राचे सगळे पेपर निघाले, इंग्रजी राहिलं. या वेळी पुन्हा बसतोय. परवा दुकानातूनच फोन होता. मामा म्हणतोय की धनत्रयोदशीपर्यंत रविवारीसुद्धा भट्टी चालू राहील, तेव्हा त्याने विचारलंय, इंग्रजीचा वर्ग रविवारी सहानंतर अर्धा तास पुढे नेता येईल का. आम्ही हो म्हटलं आहे. खोलीची किल्ली साडेसातपर्यंत लागेल, तेवढी अर्जात दुरुस्ती करून घ्यावी.

घरात कोणाचे जुने, न लागणारे वाचायचे चष्मे असतील तर पुढच्या रविवारी घेऊन या, खोक्यातले दोन फुटले आहेत. तालमीच्या मंडळींनी आता टेबल हलवायला हरकत नाही.